परतवलेली हाक

माणसाचं डोकं कसं चालतं ते मोजायला पुण्याहून एक मॅडम येणार आहेत, असं वैजनाथकाकांनी सांगितलं तेव्हा वाळवणावरच्या केशरबाईंनी विचारलं, "मोजायला काढून द्यावं लागतं का धडावरच ऱ्हाऊ द्यायचं?" सगळं शेड हसलं. मला काही हसू आलं नाही. कळमनुरीला आमच्या कंपनीचा दुसरा कारखाना उभा राहत होता, तिथे बॉयलरचा प्रमुख नेमायचा होता, आणि ती जागा माझ्या आबांची होती. त्यासाठी कुणाची डोकी मोजत बसायची काय गरज, असं मला वाटत होतं. आमच्या घरात राग जमिनीसारखा वाटणीनं येतो. माझ्या वाट्याला चांगला बागायती तुकडा आला आहे.

कंपनी म्हणजे हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनीच मिळून काढलेली. शिरड शहापूरच्या बाहेर, रस्त्याला लागून आमचं पत्र्याचं शेड आहे. हंगामात ट्रॉल्या भरभरून ओली हळद येते. ती ड्रममध्ये भरून बॉयलरच्या वाफेवर शिजवायची, पटांगणात वाळवायची आणि मग पॉलिशला टाकायची. वैजनाथकाका कंपनीचे अध्यक्ष. मी ऑफिसात बसते. हजेरी, फोन, भांडणं, सगळं माझ्याकडे. आणि आबा, म्हणजे माझे वडील संतराम, कारखाना सुरू झाला त्या दिवसापासून बॉयलरवर. त्यांच्या जोडीला भावसिंगकाका, पलीकडच्या तांड्यावरचे. या दोघांना कुणी कधी वेगळं बघितलं नव्हतं. एकाची बिडी विझली की दुसरा खोकायचा, असं लोक म्हणत.

बॉयलर म्हणजे काही खेळ नाही. आतलं पाणी कमी झालं आणि जाळ तसाच राहिला, तर शेडसकट माणसं उडतील. म्हणून आमच्याकडे एक पद्धत आहे, तिला आम्ही हाक परतवणं म्हणतो. एकानं काम मोठ्यानं सांगायचं, दुसऱ्यानं तेच शब्द तितक्याच मोठ्यानं परत बोलायचे, आणि मगच हात लावायचा. "काच बघ!" "काच बघ!" "पाणी अर्ध्याच्या वर!" "पाणी अर्ध्याच्या वर!" काच म्हणजे आतलं पाणी दाखवणारी नळी. ऑफिसात बसून दिवसभर हेच माझ्या कानावर पडतं. ही पद्धत भावसिंगकाकांची. त्यांचे आजे-पणजे बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचे. पुढच्या बैलाजवळचा माणूस हाक द्यायचा, शेवटच्या बैलाजवळचा ती परतवायचा. हाक परत आली नाही की सगळी जनावरं जागच्या जागी थांबवायची. "आन् परतवताना शब्द बदलायचा न्हाई," काका प्रत्येक नव्या माणसाला बजावायचे. "आवाज बी कमी करायचा न्हाई. वाईट खबर असली तरी. पुढून खड्डा म्हणला की मागून खड्डाच म्हणायचं. गोड करून सांगायचं न्हाई."

मॅडम आल्या जानेवारीत. प्रतिक्षा त्यांचं नाव, माझ्याच वयाच्या, पायात बूट आणि बोलायला अगदी मऊ. मी मनातून भांडायच्या तयारीत होते, पण बाई भांडण लागू देईनात. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना ताडपत्रीवर बसवून सांगितलं की ही परीक्षा नाही, यात पास-नापास नाही. काही माणसं आधी अख्खं चित्र बघतात आणि मग तुकड्यांकडे जातात. काही माणसं एकेक तुकडा जोडत चित्राकडे जातात. कुणाला डोळ्यांनी बघितलेलं पक्कं समजतं, कुणाला कानांनी ऐकलेलं. कुणी एकट्यानं विचार करतं, कुणाला बोलल्याशिवाय विचारच करता येत नाही. यात हुशार आणि ढ असं काही नसतं. ज्याचं डोकं जसं चालतं तसं काम त्याला मिळालं, तर तो थकत नाही आणि चुकतही नाही.

"आन् ज्याचं चालतच न्हाई त्याचं?" केशरबाई म्हणाल्या.

"असं कुणी मला अजून भेटलं नाही," मॅडम म्हणाल्या, आणि माझा राग थोडा उतरला.

मग दोन दिवस ऑफिसात एकेकाला बोलावणं आलं. कुणाची बोली मॅडमना कळली नाही तर सांगायला मी बाजूला बसले होते. चित्रांचे खेळ होते. बैल, कोंबडी आणि कडबा, यातल्या कुठल्या दोन गोष्टी एकत्र ठेवाल? आमच्याकडे झाडून सगळ्यांनी बैलापुढे कडबा ठेवला. मॅडम म्हणाल्या की शहरात पुष्कळ जण बैल आणि कोंबडी एकत्र ठेवतात, दोघं प्राणी म्हणून. केशरबाईंना हे मुळीच पटलं नाही. "कोंबडीला बैलाजवळ ठिवून काय करायचं? नांगराला जुपायची का?"

आबांच्या वेळी मी चित्रांकडे बघणंच टाळलं होतं. पण गुंतागुंतीच्या रेघांमधून लपलेला आकार शोधायचा होता, तो त्यांनी बघता बघता बोटानं दाखवला. एका पाठोपाठ एक, सगळे. मॅडमनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मला एवढा अभिमान वाटला की उठून चहा सांगायला गेले.

परत आले तेव्हा मॅडम विचारत होत्या, "आता सकाळी बॉयलर सुरू करताना काय काय करता, ते पहिल्यापासून ओळीनं सांगा."

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. थोडा वेळ ते टोपीकडेच बघत बसले. मग म्हणाले, "काम एकट्याचं न्हाई मॅडम. एकट्यानं कसं सांगू? भावसिंगला बोलवा."

मॅडमचा चेहरा उजळला. त्यांनी ते वाक्य लगेच लिहून घेतलं. भावसिंगकाकांना बोलावलं, ते आले, उभ्यानंच त्यांनी हाक दिली आणि आबांनी परतवली. काच बघ, काच बघ. झडप बंद, झडप बंद. काटा शून्यावर, काटा शून्यावर. पंपापासून वाफ सोडेपर्यंत, कुठे अडखळणं नाही. मॅडम थक्क होऊन बघत राहिल्या. मलाही भरून आलं. दोन माणसांचं एकच डोकं झालेलं आपण बघतो आहोत, असं वाटलं. जाताना भावसिंगकाकांच्या कपाळावर घाम होता. जानेवारीतला, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

महिन्याभरानं निकाल आला. वैजनाथकाकांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवला. संतराम हे एका नजरेत सगळं पाहणारे, कानांनी ऐकून विचार करणारे, मोठे असूनही हाताखालच्याला बोलू देणारे. कळमनुरीला प्रमुख म्हणून योग्य. भावसिंग हे पायरी पायरीनं जाणारे, शिकवण्यात चांगले. त्यांनी इथेच राहून नवी माणसं तयार करावीत. कळमनुरीला आबांच्या जोडीला रणजीत, भावसिंगकाकांचा पुतण्या. तो बॉयलरचं शिक्षण घेऊन आला होता आणि हाक परतवायला काकांकडेच शिकला होता.

आईनं, द्वारकाबाईनं, त्याच दिवशी पेढे आणले. आबांनी पेढा खाल्ला आणि हसले. ते अलीकडे कमीच बोलायचे. मी दुसऱ्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन शेडमध्ये गेले. सगळ्यांनी घेतले. भावसिंगकाकांनी हात पुढे केला नाही.

"गोड नको," ते म्हणाले.

"काहून? साखर झाली का?"

"न्हाई. मी वैजनाथभाऊकडं गेलतो. म्हणलं मला बी कळमनुरीला पाठवा. न्हाई म्हणले."

"मग आबांच्या नावाचा पेढा बी नको?"

ते जळणाच्या पऱ्हाट्यांची मोळी उचलून आत निघून गेले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या वर्षांची जोडी, आणि एकाला चांगले दिवस आले तर दुसऱ्याच्या पोटात दुखावं? संध्याकाळी मी स्कूटी काढली आणि थेट तांड्यावर गेले. काका अंगणात बाजेवर बसले होते. त्यांच्या बायको नीलाकाकू भाकरी थापत होत्या. मी पाणीसुद्धा घेतलं नाही.

"काका, तुमाला आबांचं चांगलं झालेलं बघवत न्हाई का?"

नीलाकाकूंचा हात थांबला. काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी रागानं बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"पोरी," ते म्हणाले, "मी काई बोलू शकत न्हाई. मला शपथ हाय. तू उद्या ऑफिसात बस. काम करू नको. डोळे मिट आन् नुसतं ऐक. हाक कोण देऊन राहिलं, ते ऐक."

एवढंच. मी तणतणत परत आले. पण दुसऱ्या दिवशी बसले.

पलीकडून हाका येत होत्या. रोज यायच्या तशाच. डोळे मिटल्यावर दोन आवाज वेगळे झाले. भावसिंगकाकांचा आवाज बारीक, चिरका. आबांचा भरदार. बारीक आवाज आधी यायचा, भरदार मागून. पंप चालू, पंप चालू. जाळ कमी, जाळ कमी. खरं तर हाक मुख्य माणसानं द्यायची आणि जोडीदारानं परतवायची. आबा मोठे, सर्टिफिकेट त्यांच्या नावाचं. लहानपणी मी शेडमध्ये यायचे तेव्हा आधी आबांचा आवाज गाजायचा. आता दुपारपर्यंत बसले, एकदासुद्धा आबांनी आधी हाक दिली नाही.

जेवणाच्या वेळेला हाका थांबल्या. मी उठून बॉयलरपाशी गेले. भावसिंगकाका हात धुवायला बाहेर गेले होते. आबा एकटेच होते. वाफेच्या व्हॉल्व्हसमोर उभे, उजवा हात उचललेला, चाकापासून वीतभर लांब. हात चाकाला लागत नव्हता आणि खालीही येत नव्हता. मी दारात उभी आहे हे त्यांना कळलं नाही. ते समोर बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली भीती होती. काका आत आले, मला बघून क्षणभर थबकले, आणि मग म्हणाले, "वाफ बंद!"

"वाफ बंद!" आबा म्हणाले आणि त्यांचा हात चालायला लागला.

जो हाक परतवतो त्याला काही लक्षात ठेवावं लागत नाही. हे इतकं साधं होतं, आणि ते आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मी पटांगणाच्या टोकाला जाऊन हळदीच्या ढिगाआड उभी राहिले. थोड्या वेळानं नीलाकाकू आल्या. त्या वाळवणावर काम करतात. हातावरची पिवळी धूळ झटकत त्या माझ्याशेजारी टेकल्या.

"शपथ यांला घातली हाय, मला न्हाई," त्या म्हणाल्या. "मागल्याच्या मागल्या दिवाळीपासून हाय हे. आधी तुझे आबा नावं विसरायचे. मग कामाची ओळ विसराया लागले. यांनी नांदेडला डॉक्टरकडं नेलं, बाजाराला चाललो म्हणून. डॉक्टर म्हणले, डोक्याचं दुखणं हाय, हळूहळू वाढतं, घरच्याला घेऊन या. तुझ्या बापानं तिथंच यांचे पाय धरले बाई. म्हणले, द्वारकाला सांगू नको, पोरीला सांगू नको. रिटायर होऊस्तोवर मला निभावून ने. तवापासून हे हाक देऊन राहिले. एक दिवस सुट्टी न्हाई. ताप आला तरी गेले. मला म्हणायचे, मी न्हाई गेलो तर संतरामभाऊ उभाच ऱ्हाईल."

मी रडले. मला रडायची सवय नाही, त्यामुळे ते नीट जमलंही नाही. नीलाकाकूंनी पदरानं माझं तोंड पुसलं आणि माझ्या गालाला हळद लागली.

घरी आले तेव्हा मला रोजची एक गोष्ट वेगळीच दिसायला लागली. सकाळी आम्ही निघताना आई दारात उभी राहून म्हणायची, "डबा, चष्मा, रुमाल." आबा एकेका वस्तूला हात लावून म्हणायचे, "डबा, चष्मा, रुमाल." मला ते नवरा-बायकोचं लाडाचं वाटायचं. स्कूटी मीच चालवायची, आबा मागे बसायचे, म्हणायचे गुडघा दुखतो. मी आईला विचारलं, "आई, आबा विसरतात का गं?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?"

तिलाही माहीत होतं. नांदेडचं नाही, पण विसरणं माहीत होतं. मला कळू नये म्हणून ती झटत होती, तिला कळू नये म्हणून आबा, आणि कंपनीला कळू नये म्हणून भावसिंगकाका. एका माणसाच्या डोक्याभोवती आम्ही सगळ्यांनी कुंपण घातलं होतं आणि एकमेकांना पत्ता लागू दिला नव्हता.

मी प्रतिक्षा मॅडमना फोन केला. भांडायचंच होतं, नाही म्हणत नाही. "तुमची मोजणी चुकली," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माणूस विचार कसा करतो, ते मी मोजते. त्याचा विचार कुठे हरवतो आहे, ते माझ्या चाचणीत येत नाही. पण त्यांनी भावसिंगना बोलवा म्हटलं, तेव्हा मी पुन्हा एकदा म्हणायला हवं होतं, आधी तुम्ही एकटे सांगा. मला ते उत्तर इतकं आवडलं की मी म्हटलंच नाही." नंतर त्यांचा आवाज बदलला. "प्रियंका, हे अध्यक्षांना सांगावं लागेल. तिथे माणसं काम करणार आहेत."

"सांगा. पण आधी आबांना सांगू द्या. त्यांच्या तोंडानं. नाहीतर ते चोर ठरतील."

त्यांनी एका अटीवर कबूल केलं. कळमनुरीच्या बॉयलरची पहिली चाचणी त्याच आठवड्यात होती. त्या स्वतः येतील, आणि पहिल्या सगळ्या हाका नीट झाल्याशिवाय कुणीही काडी ओढायची नाही. रणजीतला मी विश्वासात घेतलं आणि काडेपेटी माझ्याजवळ ठेवली. तोवर इकडचा बॉयलर भावसिंगकाकांनी दुरुस्तीचं कारण सांगून थंड ठेवला.

पण आबांशी बोलायचं राहिलंच होतं. मी रोज ठरवायचे आणि रोज जीभ आत जायची. ज्याच्या हाकेनं शेड गाजायचं त्या माणसाला काय म्हणायचं? शेवटी चाचणीच्या सकाळी स्कूटीवर, रस्त्याकडे बघत विचारलं. तोंड दिसत नसलं की बोलणं सोपं जातं.

"आबा, कळमनुरीला भावसिंगकाका नसतील."

"म्हाईत हाय."

"मग हाक?"

कयाधूच्या पुलावर आलो तेव्हा त्यांचा हात माझ्या खांद्यावर पडला. "तुला समदं म्हाईत हाय व्हय?" ते म्हणाले.

"व्हय."

"पाहू," ते म्हणाले. हात त्यांनी काढला नाही.

कळमनुरीचं शेड नवं कोरं होतं, पत्र्याला रंगाचा वास होता. बॉयलरला झेंडूचा हार घातला होता. वैजनाथकाकांनी नारळ फोडला. संचालक मंडळी खुर्च्यांवर बसली होती, बाया पलीकडे घोळक्यानं उभ्या होत्या. प्रतिक्षा मॅडम भिंतीला टेकून होत्या, माझ्याकडे त्यांनी एकदाच बघितलं. आणि दारापाशी, उन्हात अर्धे आणि सावलीत अर्धे, भावसिंगकाका उभे होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. कसे आले ते मी विचारलं नाही.

"हां, संतरामभाऊ," वैजनाथकाका म्हणाले. "होऊ द्या सुरू."

आबा बॉयलरपुढे गेले. रणजीत त्यांच्या डाव्या बाजूला, हाक परतवायच्या जागेवर. सगळे गप्प झाले. आबांनी टोपी सरळ केली. बॉयलरकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. ते बघणं अजून तसंच होतं, एका नजरेत सगळं धरणारं. काच, काटा, झडपा, पंप, सगळं त्यांना दिसत होतं. फक्त त्यातलं पहिलं कुठलं, ते सुटलं होतं. त्यांचे ओठ हलले. रणजीत कान देऊन उभा होता. माझ्या मुठीत काडेपेटी घामानं ओली झाली. एक शब्द मी ओरडले असते तर भागलं असतं. काच बघ. लहान पोरालाही ठाऊक असलेले दोन शब्द. मी दात आवळून धरले. एकदा भागवलं की रोज भागवावं लागेल, आणि रोज कोण येणार होतं?

आबांनी मान वळवली. डावीकडे, जिथे इतकी वर्षं एक माणूस उभा असायचा. तिथे रणजीत होता.

"भावसिंग," आबा म्हणाले.

"भावसिंग!" रणजीतनं हाक परतवली. त्याला तसंच शिकवलेलं होतं, शब्द बदलायचा नाही.

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. काका दारातून आत आले. हळूहळू, चपला दारात काढून, देवळात यावं तसे. आबांच्या समोर येऊन उभे राहिले. दोघांमध्ये हातभर अंतर होतं. मला वाटलं आता काका हाक देतील. वैजनाथकाकांनाही तसंच वाटलं असणार, ते खुर्चीवर मागे रेलले.

काकांनी हाक दिली नाही. ते थांबले. हाक देणाऱ्यासमोर परतवणारा थांबतो, तसे.

आबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग सगळ्यांकडे. त्यांची छाती वर आली. आणि कितीतरी दिवसांनी तो भरदार आवाज आधी आला.

"मला आठवून न्हाई राहिलं!"

सगळं शेड गार पडलं. बायांच्या घोळक्यात नीलाकाकूंनी पदर तोंडाला लावला. वर्षभर ज्या शब्दांवर भावसिंगकाकांनी झाकण धरून ठेवलं होतं, ते आता त्यांच्याकडे आले होते. शपथ कुणाला सांगायचं नाही अशी होती. पण हाक परतवायचीच असते. आवाज कमी करायचा नाही, गोड करून सांगायचं नाही.

"मला आठवून न्हाई राहिलं!" काका ओरडले. त्यांचा बारीक आवाज पत्र्यावर आपटून खाली आला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही, कारण हाक परतवताना हात मोकळे ठेवायचे असतात.

वैजनाथकाका उठून उभे राहिले. त्यांना सगळं कळायला थोडा वेळ लागला, पण कळलं. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात धरली. मॅडम भिंतीपासून पुढे आल्या आणि अर्ध्या वाटेत थांबल्या.

आबांनी बॉयलरचा हार सरळ केला. तेवढंच काम त्यांनी त्या नव्या बॉयलरवर केलं. मग रणजीतच्या खांद्यावर थाप मारली आणि दुसरी हाक दिली. ही लहान होती, थकलेली.

"चला घरी."

भावसिंगकाकांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. आला नाही. रणजीतही खाली मान घालून उभा होता. हाक परत आली नाही की सगळ्यांनी थांबायचं असतं, आणि आम्ही सगळे थांबलो होतो. आबा वाट बघत होते. त्यांचा पाय उचलत नव्हता. परतवल्याशिवाय पुढचं काही करायचं नाही, एवढं एक मात्र ते विसरले नव्हते.

मी काडेपेटी खिशात टाकली आणि त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले.

"चला घरी," मी म्हणाले.

आबांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि चालायला लागले.